मूर्खातला मू

हेमांगीने आवडत्या मालिकेवर स्वतः रचलेली कथा चाहत्यांच्या साइटवर टाकली आणि मिनिटभरात चारशे प्रतिक्रिया आल्या. ‘अप्रतिम!’ ‘डोळे पाणावले!’

“खोटारडे मेले,” ती करवादली. मिनिटभरात माणसाचं पहिलं पानही वाचून होत नाही. पण वाचायला माणसं होती कुठे? ज्याला त्याला त्याचा एआय घरबसल्या हवी तशी कथा लिहून देत होता. उरलेल्या लेखकांनी पळू नये म्हणून साइटचा एआय कौतुकाचा रतीब घालत होता. गेल्या भागात मेलेला चोर तिने या भागात मुद्दाम पुन्हा मारला होता. चारशेपैकी एकालाही पत्ता नव्हता.

तासभर धुमसून खातं कायमचं बंद करायला तिने बोट उचललं, तेवढ्यात आणखी एक प्रतिक्रिया आली.

‘मुर्ख बाई, मेलेला चोर परत कसा मेला? राजकन्या सेनापतीचीच होती. लिहिणं सोड.’

हेमांगी ताठ झाली. एआय शुद्धलेखनात चुकत नाही. मूर्खातला मू ऱ्हस्व लिहिणारा हा साइटवरचा ‘वाघनख’च! राजकन्येची जोडी कोणाशी, यावरून या माणसाने नऊ वर्षं तिच्या नावाने शिमगा केला होता.

उत्तराच्या चौकटीत एआयचं ‘मनःपूर्वक धन्यवाद’ आधीच उमटलं होतं. तिने ते खोडलं.

‘मूर्खातला मू दीर्घ असतो, मूर्खा,’ तिने दातओठ खात लिहिलं. ‘गुरुवारच्या भागात तुझ्या सेनापतीला मारतेय. ये बघायला.’