परवा येतील

साहेब, माझे वडील तुमच्यामुळं अजून बर्फाच्या पेटीत पडून आहेत. हयातभर त्यांनी तुमचा झेंडा मिरवला, म्हणून कळंबची भावकी हटून बसलीय, "सायबांनी श्रद्धांजलीचं भाषण केल्याबिगर अग्नी द्यायचा न्हाय."

तुमचा पीए फोनवर म्हणाला, "साहेब नॉर्वेच्या पार उत्तरेला, छोट्या जहाजावर आहेत. परवा येतील." तेवढ्यात ग्रुपवर तुमचा फोटो आला. मागं हिमनदी होती आणि खाली लिहिलं होतं, 'बर्फ वितळताना पाहून मन सुन्न झालं.'

आमच्यात अग्नी दिल्याशिवाय घरात चूल पेटत नाही. आईनं फोटो पाहिला आणि मोबाइल माझ्या हातात परत दिला.



"सायबाला इचार," ती म्हणाली, "तवर मी दोन घास खाऊ का?"