उचलून लावायचं दार

"अजून थोडं खाली उतरवा, काका," धाकटा म्हणाला.

डेंटरकाका हातात पाना धरून तसेच उभे राहिले. "जन्मभर लोकांची वाकडी दारं सरळ केली. सरळ दार वाकडं करायला हात धजत नाही रे."

"धजवा कसंही. ताईचा फोन आला होता, ते निघालेत."

चाळिशी उलटली तरी घरीदारी सगळे त्याला धाकटाच म्हणत. आत्ता त्याची अवस्थाही शेजाऱ्याची काच फोडून बसलेल्या पोरासारखीच झाली होती.

काच नव्हे, त्याने वडिलांचा, आप्पांचा ट्रक भंगारात घातला होता. आप्पांची नजर गेली, ताई त्यांना उपचारांसाठी आपल्या घरी घेऊन गेली आणि मागे तो जुना ट्रक शेडबाहेर गंजत पडला. पत्रा इतका सडला होता की बोट दाबलं तर आरपार जायचं. डॉक्टर फारशी आशा देत नव्हते. आप्पा आता कसला ट्रक चालवतात, असं म्हणून धाकट्याने भंगारवाल्याला बोलावलं. आणि नेमका त्याच संध्याकाळी आप्पांचा फोन आला.

"गाडी काय म्हणतेय?"

"डेंटरकाकांकडे दिलीय. नव्यासारखी करून घेतोय," धाकट्याच्या तोंडून निघून गेलं.

एक खोटं पोसायला दहा खोटी लागतात. आप्पा दर फोनला आधी गाडीची चौकशी करायचे, मग नातवंडांची. गाडीचं बोलताना त्यांचा आवाज खुलायचा. म्हाताऱ्याला तेवढाच आधार उरलाय आणि तोही आपण किलोवर विकला, या विचाराने धाकट्याला घास गोड लागेना. खरं कळलं तर ते हाय खातील, याची त्याला खात्रीच होती. शेवटी वणवण फिरून त्याने त्याच कंपनीचा, त्याच सालचा, तितकाच गंजलेला ट्रक मिळवला. नशिबाने रंगही तोच निघाला. पण रंगाचं कौतुक कोणाला होतं? आप्पा हातांनी पारखणार होते.

डेंटरकाकांनी सडका पत्रा कापून नवा जोडला. मडगार्ड, बॉनेट, दारं, सगळीकडची फट वरपासून खालपर्यंत एकसारखी केली. काम बघून त्यांचं त्यांनाच भरून आलं. आणि मग धाकटा म्हणाला, आता ड्रायव्हरचं दार बिघडवा.

आप्पांच्या ट्रकचं ते दार कायम उतरलेलं असायचं. हँडल धरून उचला, गुडघ्याने रेटा, तेव्हा कुठे लागणार. काका कितीदा म्हणाले होते की दुरुस्त करून देतो. आप्पा म्हणायचे, "राहू द्या. हे दार लावता येत नाही म्हणूनच गाडी कोणी मागायला येत नाही."

काकांनी वरच्या बिजागरीमागे पत्र्याची एक चकती सरकवली. दाराचं टोक खाली झुकलं. धाकट्याने डोळे मिटून हँडल उचललं, गुडघा मारला.

"फार सहज लागलं."

काकांनी आणखी एक चकती घातली. आता दार लागेचना. ती काढून कानशीने घासली, पातळ केली, पुन्हा बसवली. धाकट्याचा घाम मानेवरून पाठीत उतरत होता. त्याने पुन्हा डोळे मिटले, दार उचललं, रेटलं.

खट्ट.

"हेच," तो पुटपुटला. तेवढ्यात बाहेर रिक्षा थांबली.

आप्पा उतरले. डोळ्यांवर काळा चष्मा, एका हातात काठी, दुसरा हात ताईच्या खांद्यावर. धाकट्याने वाकून नमस्कार केला आणि ताईला हळूच विचारलं, "डॉक्टर काय म्हणाले?"

"नंतर बोलू. आधी त्यांना गाडीपाशी जाऊ दे," ताई म्हणाली. "वाटभर दुसरा विषय नाही."

आप्पांनी तिच्या खांद्यावरचा हात काढला आणि एकटेच निघाले. जमिनीवर जॅक पडला होता. धाकटा उचलायला धावला, पण काठी टेकत टेकत आप्पा त्याला वळसा घालून पुढे गेलेही होते. काठीची सवय चांगली झालीय, धाकट्याला वाटलं, आणि वाईटही वाटलं.

ट्रकच्या पुढ्यात ते बराच वेळ उभे राहिले. जाळीवर हात ठेवून, मान खाली घालून. मग त्यांनी बॉनेटच्या फटीवरून नख फिरवत नेलं.

"मिस्त्री, हे काम तुमचंच."

"माझंच," काका म्हणाले आणि स्वच्छ हात पुन्हा फडक्याला पुसू लागले.

आप्पा दारापाशी आले. त्यांनी काठी मडगार्डला टेकवली, दार उघडलं, पायरीवर पाय ठेवून वर चढले. आतून हँडल धरून दार उचललं, हिसका देऊन ओढलं.

खट्ट.

आप्पांच्या चेहऱ्यावर हसू पसरलं. त्यांनी स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवले. धाकट्याचे डोळे भरून आले. कितीतरी दिवसांनी त्याला मोकळा श्वास घेता आला. पाप केलं होतं खरं, पण ते फेडलंही होतं. काकांनी त्याच्या पाठीवर थाप मारली.

"धाकट्या, इकडे ये," आप्पांनी काच खाली करून हाक मारली.

तो दाराशी गेला.

"वाळलास रे. फार धावपळ केलीस माझ्यासाठी."

"त्यात काय, आप्पा. दार ठीक आहे ना?"

"दाराला तोड नाही. मिस्त्रींनी कमाल केली." आप्पांनी काळा चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाला पुसला आणि खिशात ठेवला. "नंबर प्लेट तेवढी बदलायची राहिली."