तांगग्वेईचा वाडगा

“लानयिंग, मीठ बघ गं!”

लानयिंगने हातातली मुळांची जुडी टोपलीत आदळली आणि ती स्वयंपाकघरात गेली. मटणाच्या पाण्यात तांगग्वेईची औषधी मुळं रटरटत होती. मुळांच्या खणणीच्या या दिवसांत मिनश्यानच्या खोऱ्यात तो उग्र, कडवट-गोड वास कुठे नसतो? अंगणात मुळांचे ढीग, माळ्यावर धुरी द्यायला टांगलेल्या जुड्या, रात्री उशीवर डोकं टेकलं तरी केसांना तोच वास. आणि वर दिवसाआड तेच पोटात ढकलायचं. वीट आला होता तिला, अगदी वीट.

“बरोबर आहे मीठ.”

“मग घे, पिऊन टाक.” सासूबाईंनी वाडगा भरून तिच्यापुढे सरकवला. “रक्त वाढतं. कूस धरते.”

“आई, कूस धरायला नवराही लागतो. तो लानचौत बसलाय.”

“महिन्यातून दोन दिवस येतो ना? तेवढे पुरतात.”

उंबऱ्यात बसलेल्या सासऱ्यांना एकदम ठसका लागला.

नवऱ्याने, यूशानने, वसंतात लानचौ शहरात शेवयांचं छोटं हॉटेल काढलं होतं. कढईपाशी तो आणि गल्ल्यावर लानयिंग, असं दोघांचं कधीचं ठरलेलं. पण सासूबाई आडव्या आल्या. “एकदा का तू गल्ल्यावर बसलीस, की मूल राहिलं बाजूला. आधी दिवस जाऊ देत, मग खुशाल जा. मी अडवायची नाही.” झालं! तेव्हापासून नवरा तिकडे आणि वाडगा इकडे.

त्यात या वर्षी सासूबाईंनी कहरच केला होता. दरवर्षी खणणीला पुढे असणारी ही चाळिशीची बाई, यंदा कंबर धरून बांधावर बसायची आणि तिथून हुकूम सोडायची. ओल्या मुळांच्या टोपल्या उचलायच्या लानयिंगने. दुपारी जेवल्या की ताणून द्यायच्या. सूप रांधायच्या त्या, पण चव बघायची लानयिंगने, आणि नंतर खारट झालं म्हणून बोलणी खायची तीही लानयिंगनेच. सून आणली म्हणजे सासूने हातपाय गुंडाळून बसायचं, असं कुठे लिहून ठेवलंय का? तिने एकदा सासऱ्यांना तसं विचारलंही. ते “बघू, बघू” करत मागच्या दाराने सटकले.

आज सकाळी यूशानचा फोन आला होता. “आता माझ्याच्याने होत नाही गं. या महिन्याअखेर तू आली नाहीस तर गल्ल्यावर चुलतभावाला बसवतो. तो अर्धी भागीदारी मागतोय.”

तेव्हापासून तिचं डोकं तापलेलं होतं. समोर वाडगा वाफाळत होता.

“मी नाही पिणार,” ती म्हणाली.

“नखरे नकोत. पी.”

“नाही पिणार म्हटलं ना!”

सासूबाई फाडकन काहीतरी बोलणार होत्या. पण तोंड उघडलं ते तसंच राहिलं. तांगग्वेईच्या या खोऱ्यात पोरीबाळींनाही ठाऊक असतं, की ही मुळी बाईला मूल राहायच्या आधी द्यायची आणि बाळंत झाल्यावर द्यायची. मधल्या दिवसांत थेंबसुद्धा नाही.

“अगं बाई,” त्या हळूच म्हणाल्या. “दिवस गेलेत की काय तुला?”

छे हो, कसले दिवस, मला नुसता कंटाळा आलाय, असं लानयिंगच्या अगदी ओठावर आलं होतं. पण उद्या सकाळची लानचौची बस तिच्या डोळ्यांपुढे उभी राहिली.

“हो,” ती म्हणाली.

मग काय विचारता! सासूबाईंनी वाडगा झटकन उचलून सासऱ्यांच्या हातात दिला. सासऱ्यांनी तो एका घोटात संपवला आणि ते कोंबडी धरायला अंगणात धावले. शेजारच्या बाईने भिंतीवरून काय झालं म्हणून विचारलं, तिलाही सांगून मोकळे झाले.

“मग मी उद्या जाऊ ना, आई?”

“जा. शब्द म्हणजे शब्द.”

लानयिंग खोलीत आली आणि भराभर बॅग भरू लागली. लानचौला पोचल्यावर सांगता येईल, हिशेब चुकला म्हणून. आणि एकत्र राहिल्यावर काय, होईलही खरंच. एकदा बस सुटली की सुटली! तिला खुदकन हसू आलं.

दार लोटून सासूबाई आत आल्या. कापसाच्या जाड कोटाची बटणं सावरत खालून विस्तव घातलेल्या निजायच्या ओट्याच्या कडेला बसल्या आणि बॅगेतला स्वेटर काढून बाजूला ठेवला.

“हे काय आई? आत्ताच तर हो म्हणालात!”

“म्हणाले होते. पण तुझं कळलं आणि माझा जीव इतका हलका झाला, की आता लपवून ठेवायचं कारणच उरलं नाही.” त्यांनी दुसरा स्वेटर काढला. त्यांचे कान लाल झाले होते. “जीभ चावून बसले होते गं. सुनेच्या आधी सासूचं ऐकलं असतं तर गावाने तोंडात शेण घातलं असतं. म्हणून तर तुझ्यामागे एवढा तगादा लावला होता.”

“काय ऐकलं असतं? मला काही कळत नाहीये.”

“यूशानला आत्ताच फोन केला. चुलतभावाला बसव म्हटलं गल्ल्यावर, लानयिंग काही येत नाही. तिकडे तुझ्याजवळ कोण आणि इकडे माझ्याजवळ कोण? त्यापेक्षा एकाच छपराखाली दोघी एकमेकींचं करू.” सासूबाईंनी तिचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. “मला एप्रिलात दिवस भरतील. तुला कधी?”