पांगाऱ्याचा ठोकळा

जहाजाच्या इंजिनरूममधून निवृत्त झालो, तेव्हा उरलेल्या आयुष्यात हाताने काहीतरी घडवायचं ठरवलं आणि सावंतवाडीत लेथवर लाकूड कातायला शिकलो. पुतण्या ज्युड म्हणाला, “अंकल, माज्या तारकर्लीच्या रिसॉर्टात लेथ लावा, लोकांक आवडतला.” मी पांगाऱ्याच्या लाकडाचे भोवरे कातले, लाखेने रंगवले. त्याने ते खोक्यात टाकून फळीवर कारखान्यातले चकचकीत भोवरे मांडले. “तुमचे म्हाग पडतत. तुमी फक्त लाकूड फिरवत ऱ्हवा.” तेव्हापासून रोज सकाळी नवा ठोकळा लावतो, पटाशी टेकवतो आणि पर्यटक माझे फोटो काढतात. आज एका बाईने फळीवरचा विकत घेतलेला भोवरा पुढे धरला. “काका, तुमच्याच हातचा ना?” ज्युड गल्ल्यावरून माझ्याकडेच बघत होता. मी मान डोलावली. तिने लेथकडे बोट दाखवलं. “आणि याचं काय बनवताय?” मांडीएवढ्या ठोकळ्याचा बोटाएवढा तुकडा उरला होता. “भुसो,” मी म्हणालो.