घरी विचारा

"आज तू शाळेकडे फिरकायचं नाहीस," लोरेटानं सकाळीच फोनवर नर्सला बजावलं. "डोकं दुखतंय म्हण, गाईनं लाथ मारली म्हण, काहीही म्हण. पण येऊ नकोस."

"अगं पण मी काय घोडं मारलंय?" अर्नेस्टीन म्हणाली.

"तुझं तोंड, बाई, तुझं तोंड! तपासणीला येणाऱ्या साहेबानं एक विचारलं तर तू चार सांगशील."

फोन ठेवून लोरेटानं कपाळ चोळलं. आरोग्याचा तास घेऊन घेऊन ती विटून गेली होती. सरकारी अनुदानाची अट मिसिसिपी राज्यातल्या पोराटोरांनाही पाठ होती. लग्नापर्यंत थांबा, एवढंच शिकवायचं. गर्भनिरोधकांचं नाव काढायचं ते फक्त ती कशी फसतात हे सांगायला. त्यापुढं कुणी काही विचारलं तर उत्तर एकच: घरी आईवडिलांना विचारा.

अट मोडली की अनुदान बंद, आणि अनुदान बंद की अर्नेस्टीनची नोकरी गेली. आसपासच्या गावांत दुसरी नर्स नव्हती. दम्याची पोरं तिच्याकडे, उपाशी आलेली पोरं तिच्याकडे. रडत आलेल्या मुलींना आत घेऊन, दार लावून, जे सांगायला हवं ते तीच सांगायची. त्याचा बोभाटा थेट राजधानीत पोचला असणार. नाहीतर इतक्या आडगावात तपासनीस कशाला धडपडत येईल?

टॉलिव्हर साहेब दुपारी आले. कोट घामानं पाठीला चिकटलेला. गाडीत सोळा-सतरा वर्षांची एक मुलगी काचेला डोकं टेकून बसली होती.

"माझी धाकटी, कोरा," ते म्हणाले.

"आत येऊ दे की तिला. गार चहा देते, गोडाचा."

"नको. बसू दे तिथंच."

लोरेटानं वर्गात नेहमीची चिकटपट्टी काढली. एका पोराच्या हातावर चिकटवली, उपटली, दुसऱ्याच्या हातावर लावली, मग तिसऱ्याच्या. चौथ्याला ती नुसतीच लोंबायला लागली.

"बघा," ती पुस्तिकेतलं वाक्य म्हणाली, "पुन्हा पुन्हा वापरली की ही अशी गत होते."

"मग नवी घ्यायची ना, मिस लोरेटा!" मागून कुणीतरी ओरडलं. वर्ग खिदळला.

साहेब हसले नाहीत. त्यांनी ती वापरलेली पट्टी मागून घेतली आणि बोटाभोवती गुंडाळत बसले.

पुढच्या बाकावरच्या मुलीनं हात वर केला. "आणि आधीच चुकलं असेल तर?"

"घरी विचार, राणी," लोरेटा म्हणाली. असं म्हणताना तिला दरवेळी स्वतःची लाज वाटायची. आजही वाटली.

तास संपल्यावर साहेब तिच्याबरोबर व्हरांड्यातून चालू लागले. "समजा, एखादी मुलगी एकटीच आली. घाबरलेली. तिला काय सांगता?"

"घरी विचार म्हणते."

"आणि घरी विचारून झालं असेल तर?"

भलताच मुरलेला दिसतोय हा, लोरेटा मनात म्हणाली. "तरी तेच सांगते, साहेब. नियम म्हणजे नियम."

नर्सच्या खोलीला कुलूप होतं. साहेब तिथंच थबकले. "या बाई कुठं आहेत?"

"आजारी आहे बिचारी."

"उद्या येतील?"

"काही सांगता येत नाही."

"त्या मुलींशी मोकळेपणानं बोलतात असं कानावर आलंय माझ्या."

आला मुद्द्यावर, लोरेटाला वाटलं. पण इतकी वर्षं तोंड सांभाळलं ते काय फुकट? "लोकांना उद्योग नाहीत, साहेब. अर्नेस्टीन ताप बघते, मलमपट्टी करते. त्या विषयावर चकार शब्द काढत नाही. बायबलवर हात ठेवून सांगते."

साहेबांनी ते कुलूप एकदा ओढून पाहिलं. मग खिशातून पेन काढून त्यांनी तिथंच, भिंतीला कागद टेकवून, शाळा पास केली.

सुटलो बाई एकदाचे! संध्याकाळी अर्नेस्टीनकडे अक्रोडासारख्या पीकनची गोड पाई घेऊन जायचं लोरेटानं ठरवून टाकलं. खोट्या शपथेचं देवाशी काय ते नंतर बघता येईल. ती साहेबांना पोचवायला गाडीपर्यंत गेली.

साहेबांनी दार उघडताच पोरीनं झटकन मान वर केली. डोळे सुजलेले होते. साहेबांनी नुसतीच नकारार्थी मान हलवली, तशी तिनं पुन्हा काचेला डोकं टेकलं.

"तक्रार कुणाची झाली नसेल ना, साहेब?" जाता जाता लोरेटानं विचारलंच.

"नाही हो, कुणाची तक्रार नव्हती." बोटावरची पट्टी अजून तशीच होती. "शाळेत सांगतात तसं परवा हिनं घरी येऊन मला विचारलं. मला काही बोलताच येईना. म्हटलं, तुमची नर्स तरी हिला सांगेल."