तिच्या जागेवरचा कप

त्या छोट्या कॉलेजच्या जुन्या तुकडीतले आता अकराजण उरले होते. दर वर्षी एका दुपारी ते आपल्या वर्गात जमत आणि त्या वर्षी गेलेल्याच्या जागेवर चहाचा भरलेला कप ठेवत. निघताना तो कप घरच्या माणसाने संपवायचा, अशी त्यांची रीत होती.

यंदा त्यांच्यातल्या निवृत्त ओव्हरसियरच्या शेजारची जागा रिकामी होती. त्याची बायको याच वर्गातली; ती याच वर्षी गेली होती.

निघायच्या वेळी त्याने तिचा कप उचलला, तर तो अर्धाच होता. काठाला ओठांचा चिकट ठसा होता. तळाशी चघळून थुंकलेल्या बिस्किटाचा लगदा आणि त्यात लाळेची पिवळट तार. शेवटचे चार महिने असाच लगदा तो तिच्या बोळक्या तोंडाखाली हनुवटीवरून पुसत असे. एकदा त्याला ओकारी आली होती, आणि तिने ते पाहिलं होतं.

"हिचा कप कोणी उष्टावला?"

"तुझ्यासमोरच तर बसलोय सगळे," मॉनिटर म्हणाला. पंच्याहत्तरीतही त्याला मॉनिटरच म्हणत. "पी आता. कँटीनमध्ये तिचं उष्टं मिळावं म्हणून तासन्‌तास बसायचास, आणि आता नखरे होय रे?"

कोणीतरी हसलं. त्याने कप तोंडाशी नेला. आंबूस वास आला. आज तरी तिच्यादेखत तोंड फिरवायचं नाही, असं त्याने ठरवलं होतं. तरी मान वळलीच.

त्याने सगळ्यांकडे पाहिलं. एकाचंही तोंड हलत नव्हतं. आणि त्याच्या कानाशी, इतकं जवळ की कानाची पाळी ओली झाली, कोणीतरी बोळक्या तोंडाने सावकाश चघळत होतं.