पंचाहत्तर मैलांच्या आत

अमेरिकेतल्या बफेलो शहराच्या मैदानावरचा फुटबॉलचा सामना, तिकिटं खपावीत म्हणून, पंचाहत्तर मैलांच्या आत टीव्हीवर दाखवायचा नाही, असा तेव्हा नियम होता आणि त्याला सरकारची मंजुरीही होती. काझिक त्या संघातून खेळायचा आणि राहायचा मैदानामागच्या गल्लीतच. अंथरुणाला खिळलेल्या त्याच्या आईला, वांडाला, खिडकीतून नुसता आरडाओरडा ऐकू यायचा. सामना संपला की काझिक ओल्या केसांनीच तिच्या उशाशी येऊन बसायचा आणि बिटाचं सूप पीत सगळा खेळ सांगायचा.

"मा, मघाचा ओरडा ऐकलास? माझ्यासाठी होता!"

"मेल्या, शिव्या घालत असतील तुला!"

पण आईला आपला खेळ दिसत नाही, हे त्याला फार लागायचं. शेवटी त्यानं तिला त्या हद्दीपलीकडच्या वृद्धाश्रमात ठेवलं आणि खाटेसमोर मोठा टीव्ही बसवून दिला.

पहिल्याच रविवारी नर्स ओरडली, "आजी, बघा, तुमचा मुलगा धावतोय!"

वांडानं पडद्याकडे पाहिलं, मग बराच वेळ दाराकडे.



"बंद कर गं तो टीव्ही. काझिक दिसत नव्हता, तेव्हा निदान यायचा तरी."